शाळूची बिअर: माल्ट गोड का होत नाही?

औसेकर_शेतीवाला (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या रानात दरसाल शाळू असतो. मालदांडी जास्त, थोडी परभणी मोती. घरी खायला ठेवून उरलेली अडतीला जाते. गेल्या हिवाळ्यात पुण्याला मेहुण्यानं एका ठिकाणी नेऊन तिथंच बनवलेली गढूळ बिअर पाजली, म्हणाला यात गहू आहे. तवापासून डोक्यात किडा वळवळायलाय, की गव्हाची होते तर ज्वारीची का होऊ नये?

मी काही मोठा पिणारा नाही. कधीमधी लग्नाकार्यात. पण धान्यातनं गोडवा काढायचा आन् तो आंबवायचा, ही कारागिरी समजून घ्यावी वाटते. म्हणून पहिला टप्पा करून बघितला. ज्वारी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, उन्हात वाळवली, गिरणीतून जाडसर काढून आणली (गिरणीवाल्याला सांगितलं, लेकराच्या खिमटीला पाहिजे). मग आधणाच्या पाण्यात टाकून झाकून तासभर ठेवली. जवाच्या माल्टचं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं) असं केलं की पाणी गोड होतं असं वाचलं होतं. माझ्या पातेल्यात निव्वळ लापशी झाली. चव कण्यांची, गोडीचा पत्ता नाही. गाळायला गेलो तर फडकंच बसलं, पिळून पिळून हात भरून आले.

आता विचारायचं ते असं. ज्वारीला गोडी येतच नाही का माझी रीत चुकीची? आमच्याकडं एप्रिल-मेमधी पारा बेचाळीसच्या वर असतो, त्यात हे आंबवण्याचं काम होतं का? बोअरचं पाणी जड आहे, गिझरची कॉईल पांढरी फटक होते, ते चालंल का? आन् शेवटचं, पाच लिटर घरच्यापुरती केली तर कायद्याचं काय? घरात बायको म्हणायली, "हातभट्टी लावायलाव का आता?"

---

गोदाकाठचा (नांदेड)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या भाऊ, कारण बाकी सगळं त्यावर आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा आहे, आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे. त्याच्या कलम 65 खाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्यात बिअर आली. पाच लिटर की पाचशे, घरच्यापुरती की विकायला, असला फरक कायदा करत नाही. बनवण्याच्या हेतूनं भांडीकुंडी, साहित्य जवळ ठेवलं तरी तेच कलम. पुण्यात जे पाजलं ते मायक्रोब्रुअरीचं, त्यांना राज्य उत्पादन शुल्कचा वेगळा परवाना असतो. वहिनी बरोबर बोलायल्यात.

---

वाळूजचा_जुना (छत्रपती संभाजीनगर)

औसेकर, गोदाकाठचे म्हणतात ते खरं आहे आणि मी त्याच्या पलीकडे तुम्हाला ढकलणार नाही. पण तुमचा खरा प्रश्न माल्टचा आहे आणि यीस्ट पडेपर्यंत पातेल्यात जे असतं त्याला दारू म्हणत नाहीत, तो धान्याचा गोड काढा. तिथपर्यंत शिकायला तुम्हाला कुणी अडवत नाही. आणि माझं मत विचाराल तर बिअरची निम्म्याहून जास्त विद्या तिथंच संपते. पुढचं काम यीस्ट करतं, आपण फक्त त्याच्या आड यायचं नसतं.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत तिथंच. कंपनीचं नाव नका विचारू. आमच्याकडं माल्ट तयार यायचं, त्याचा जव बहुतेक राजस्थानकडचा. ज्वारीवर काम कधी झालं नाही, पण आमचे साहेब वाचणारे होते. नायजेरियानं 1988 साली जवाची आयात बंद केली आणि तिथल्या मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना रातोरात ज्वारीवर यावं लागलं, त्याचे पेपर त्यांनी मागवले होते. ते मी चाळलेत, आणि निवृत्तीनंतर घरच्या गच्चीवर ज्वारीचं माल्ट करून बघायचा नाद लागला. तेवढ्या जोरावर लिहितोय.

तुमची लापशी का झाली ते सांगतो. दाण्यात स्टार्च असतो, साखर नसते. मोड येताना दाणा स्वतः एन्झाइम तयार करतो, ते एन्झाइम स्टार्च तोडून साखर करतात. पण त्यांना दोन गोष्टी लागतात: स्टार्च आधी शिजून फुगलेला पाहिजे, आणि पाणी फार तापलेलं नको. जवाचा स्टार्च साठ-पासष्ट अंशाला फुगतो. जवाचे एन्झाइम पासष्टला मजेत काम करतात. त्यामुळं जवात दोन्ही कामं एकाच तापमानाला उरकतात, आणि म्हणून सगळ्या जगानं जव धरला. ज्वारीचा स्टार्च अडेल. त्याला सत्तर-पंच्याहत्तरच्या पुढं न्यावं लागतं. तिथं गेलं की एन्झाइम मरायला लागतात. तुम्ही तर आधणात टाकलं, म्हणजे स्टार्च शिजला आणि एन्झाइम त्याच मिनिटाला मेले. राहिली लापशी.

त्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. किलोभर माल्टच्या पिठाला चार लिटर पाणी घ्या, पंचेचाळीस अंशाचं, म्हणजे बोट बुडवलं तर कडक वाटेल पण भाजणार नाही. पीठ कालवून अर्धा तास न हलवता ठेवा. पीठ खाली बसतं, वर ढगाळ पाणी राहतं. एन्झाइम त्या पाण्यात उतरलेले असतात. ते सव्वा लिटरभर पाणी अलगद पळीनं काढून बाजूला ठेवा, हेच तुमचं विरजण समजा. खालचा गाळ आता बिनधास्त उकळा, पंधरा-वीस मिनिटं, सारखं ढवळत, नाहीतर बुडाला लागतं. घट्ट होईल, होऊ द्या. मग गॅस बंद करून पंच्याहत्तरपर्यंत उतरू द्या आणि बाजूला ठेवलेलं पाणी त्यात ओता. दोन्ही मिळून पासष्टच्या आसपास येतं. झाकण, वर जुनी गोधडी, दीड तास.

ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पळी फिरवून बघा. मघा जी पळी उभी राहत होती ती आता पाण्यात फिरल्यासारखी फिरते. हे बघायला मी आजही खुर्ची ओढून बसतो. घट्ट पातेलं डोळ्यांदेखत सैल पडतं, वरच्या थराला तांबूस रंग येतो, आणि वास बदलतो. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या हुरड्याच्या जवळ जाणारा वास येतो. तेव्हा चमचाभर घेऊन चाखा.

आता माल्टविषयी. रात्रभर भिजवून चालत नाही. अठरा ते चोवीस तास, दर सहा-आठ तासांनी पाणी बदलायचं आणि मधे तासभर निथळत ठेवायचं, दाण्याला श्वास लागतो. मग ओल्या गोणपाटावर दोन बोटं जाडीचा थर, वरून ओलं गोणपाट, सावलीत. रोज दोनदा हात फिरवून उलटंपालटं करा, नाहीतर मुळ्या एकमेकांत गुंतून सतरंजी होते आणि मधला भाग तापतो. पंचवीस ते तीस अंश असेल तर चार-पाच दिवस. उसळीएवढे मोड म्हणजे काहीच नाही, त्यात एन्झाइम नुकते बनायला लागलेले असतात. वाळवणं मात्र आपल्या भागात फुकट आहे. एप्रिलमध्ये पत्र्यावर पन्नास अंश सहज असतात. पहिला दिवस सावलीत वाऱ्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पत्र्यावर पातळ थर. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. मग तळहातावर चोळून मोड-मुळ्या सगळ्या पाडा आणि सुपानं पाखडा. हे पाखडणं टाळू नका, कारण खाली लिहितो.

ज्वारी कोणती घ्यायची? तुमच्या घरची खायची. पेरायची नाही! दुकानातल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, आणि घरच्या बियाण्याला पण काणी रोग येऊ नये म्हणून आपण गंधक लावतो. कोठीत गोळ्या टाकलेली पण नको. पावसात सापडून काळी पडलेली हायब्रीड तर मुळीच नको, तिला बुरशी असते आणि ती उगवत पण नाही. आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. पंचाण्णवच्या वर उगवले तर पुढं जा.

पाखडायचं कारण असं की ज्वारीच्या कोंबात आणि मुळीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. वाळल्या दाण्यात ते जवळजवळ नसतं, मोड वाढेल तसं वाढतं. तुम्ही शेतकरी आहात, पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर कसं तासाभरात आडवं होतं ते तुम्हाला सांगायला नको. तेच हे.

पाणी आणि उष्णता यावर संध्याकाळी लिहितो, नातू क्रिकेटला ओढतोय.

---

येळवसवाली (धाराशिव)

काका, तुमचं वाचून जीव घाबरला ना. आम्ही लेकरांना मोड आलेल्या ज्वारीचं पीठ देतो, माझ्या सासूबाई देत आल्या, सगळे धडधाकट आहेत. मग ते विष कुठं गेलं?

आणि औसेकर भाऊ, तुम्ही लातूरचे असून आंबवलेली ज्वारी शिकायला पुण्याला जायलात! येळवशीला (वेळ अमावास्येला) आपल्याकडं आंबील काय असतं मग? आमच्यात ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून पूर्ण गार करतात, त्यात ताक, ठेचलेलं लसूण-आलं, मीठ घालून रात्रभर मडक्यात ठेवतात. सकाळी बारीक बुडबुडे दिसतात कडेला. ताजी केलेली आणि रात्र काढलेली यात फरक जिभेला लगेच कळतो. मडकं रोजच्या वापरातलं लागतं, नव्या मडक्यात ती चव येत नाही. का ते मला सांगता येणार नाही, काका सांगतील.

माझे दीर म्हणतात की आंबील पिऊन झाडाखाली झोप लागते म्हणजे त्यात थोडी असणारच. मी म्हणते एवढी भज्जी, उंडे, बाजरीची भाकर, वर खीर खाल्ल्यावर झोप नाही तर काय लागणार.

---

वाळूजचा_जुना (छत्रपती संभाजीनगर)

ताई, घाबरू नका, तुमचं पीठ बंद करायची काही गरज नाही. तुम्ही मोड किती दिवसांचे घेता? एका रात्रीचे, नुसतं टोक दिसलं की वाळवता, मग भाजता, मग शिजवता. त्यात धुरिन फार बनलेलंच नसतं. मी लिहिलंय ते चार-पाच दिवसांच्या, बोटाच्या पेराएवढ्या कोंबाबद्दल. त्यातलं बहुतेक कोंब आणि मुळीत असतं, म्हणून चोळून पाखडून टाकायचं. उरलंसुरलं भिजवताना सायनाइड होऊन सुटतं आणि उकळताना वाफेबरोबर उडून जातं, म्हणून उकळताना झाकण ठेवायचं नाही आणि खिडकी उघडी. आफ्रिकेत लोक शेकडो वर्षं ज्वारीची बिअर करतात, दक्षिण आफ्रिकेत उम्कोंबोथी म्हणतात तिला, मका आणि ज्वारीच्या माल्टची, आंबट आणि दाट. ते करतात म्हणजे करता येतं, पण ते शिजवून करतात. आणि औसेकर, पाखडलेले मोड गोठ्यात टाकू नका. उकिरड्यावर.

मडक्याचं असं, की मातीच्या छिद्रांत आधीच्या आंबिलीचे जीवाणू राहतात, तेच पुढचं आंबवतात. पण ते आंबट करणारे जीवाणू, ताकातलेच भाऊबंद. दारू करतं ते यीस्ट वेगळं. दिराचं म्हणणं मला पटत नाही. झोप भज्जीचीच.

आता पाणी. मराठवाड्याखाली सगळा बेसाल्ट, त्यातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर. कॉईलवर बसतं ते तेच. साखर करताना पातेल्याचा पीएच 5.2 ते 5.5 लागतो, बायकार्बोनेट तो वर ओढतात आणि एन्झाइम सुस्तावतात. एवढंच करा: पाणी वीस मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर ठेवा, तळाला पांढरी भुकटी बसते, वरचं ओतून घ्या. वर अर्धं लिंबू पिळलं तरी पुरे. आरओचं पाणी घेऊ नका असं म्हणणार नाही, पण ते फार रिकामं असतं, थोडं बोअरचं मिसळा.

पाण्यावरून आठवलं. कारखान्यात लिटरभर बिअरला चार-पाच लिटर पाणी सहज लागायचं. बहुतेक धुण्यात जातं, कारण ब्रुअरीचं निम्मं काम म्हणजे भांडी घासणं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि इकडं औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणायला लावलं, नंतर आणखी कापलं. आम्हा लॅबवाल्यांना तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक बादलीचा हिशेब द्यावा लागला, आणि खरं सांगतो, त्याआधीच द्यायला पाहिजे होता. गावात टँकर येत असेल त्या महिन्यात हे उद्योग करू नका.

---

जालन्याचा_परदेशी (सध्या इंग्लंड)

काकांच्या पोस्टी वाचून भरून आलं. मी मूळचा जालन्याचा, आता लीड्सजवळ राहतो. इथं 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. त्यामुळे काका जिथं थांबले तिथून पुढचं मी सांगू शकतो. औसेकरभाऊ, हे वाचण्यापुरतं घ्या.

मी निव्वळ ज्वारीची करत नाही. आई येताना शाळूचं पीठ आणते, भाकरीला. त्यातलं 300 ग्रॅम बाजूला काढतो आणि 800 ग्रॅम जवाचं माल्ट घेतो, पाच लिटरला एवढं पुरतं. ज्वारीचं पीठ आधी वेगळं शिजवून घेतो, अगदी भाकरीची उकड काढतो तसं पण पातळ. मग जवाच्या माल्टबरोबर 66 अंशाला तासभर. जवाच्या एन्झाइममध्ये एवढी ताकद असते की स्वतःचं करून ज्वारीचं पण करून टाकतात. शिवाय जवाच्या टरफलामुळे गाळणं सोपं जातं. ज्वारीला टरफल नसतं, तुमचं फडकं बसलं ते त्यामुळेच. मग तासभर उकळायचं, सुरुवातीलाच 10 ग्रॅम हॉप टाकून. हॉप म्हणजे एका वेलीची वाळलेली फुलं, कडवटपणा त्याचा, आणि त्यानं बिअर टिकते पण. उकळून झालं की बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून लवकर गार करायचं. इथून पुढं जे जे भांडं, नळी, चमचा लागेल तो जंतुनाशकात बुडवलेला. उकळण्याआधी ढिलाई चालते, उकळल्यानंतर अजिबात नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न तुमचा चांगला आहे. साधं एल यीस्ट (एल हा बिअरचा एक प्रकार) 18 ते 22 अंशाला खूश असतं. तीसच्या वर गेलं की असले जड अल्कोहोल तयार करतं की एका ग्लासात कपाळ धरतं. पण नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत क्वाइक नावाचं यीस्ट शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलंय, वाळवून, लाकडाच्या कड्यांवर. ते 35 ते 40 अंशाला सुखानं काम करतं, तीन-चार दिवसांत उरकतं, आणि वासाला संत्र्यासारखं लागतं. नॉर्वेसारख्या थंड देशात गरम आंबवणारं यीस्ट, आणि आपली माणसं तिकडं बेचाळीस अंशात कूलरपुढं बसलीत. मला ते वाचल्यावर पहिल्यांदा जालनाच आठवलं.

एक धोका सांगतो. बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालतात, त्यानं गॅस धरतो. आंबवणं पुरतं संपायच्या आत बाटली बंद केली किंवा साखर जास्त पडली तर काचेची बाटली फुटते, आणि काच भिंतीत घुसते. म्हणून मी एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली बरोबर भरतो. ती दाबून टणक लागली की बाकीच्या फ्रीजमध्ये. हे घरी आल्याचं सरबत आंबवणाऱ्यांना पण लागू आहे, ती बाटली पण फुटते.

मिथेनॉलची भीती बरेच जण विचारतात. धान्य आंबवून ते नावालाच होतं. 2015 ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं. बिअरमध्ये तुम्ही काही गाळून वेगळं काढत नाही, भट्टी लावत नाही. वहिनींना एवढं सांगा, पण कायदा गोदाकाठच्यांनी सांगितला तोच.

---

औसेकर_शेतीवाला (औसा, जि. लातूर)

सगळ्यांचे आभार. तुमच्या वहिनींना वाचून दाखवलं, "परदेशातली माणसं पण हेच करायलीत व्हय" म्हणाली, आन् सूप हातात दिलं पाखडायला.

काकांनी सांगितलं तसं केलं. मोड चौथ्या दिवसापर्यंत ठेवले, पत्र्यावर वाळवले, चोळून पाखडले. यीस्ट-बिस्ट काही नाही, तिकडं जाणार पण नाही. काढून ठेवलेलं पाणी परत ओतलं तेव्हा शेजारचं पोरगं बी बघायला उभं होतं, पातेलं सैल पडायलंय बघून ते म्हणालं, काका यात सोडा टाकला का. गोडी आली! उसाच्या रसासारखी नाही, मागून हळूच येणारी. लिंबू पिळलं होतं म्हणून असंल, जरा आंबूस झाक पण आहे. गाळायला फडकं घेतलंच नाही. उंच डब्यात ओतून रात्रभर फ्रीजमधी ठेवलं, सकाळी वरचं वरचं काढून घेतलं. पोरांनी सुंठ-इलायची टाकून गरम गरम पिलं, धाकट्यानं दोनदा मागितलं.

मोजायला काही नव्हतं म्हणून दूध डेअरीतून जुना लॅक्टोमीटर आणला. गार केल्यावर 26 दाखवायलाय. हे चालतं का, आन् चांगलं का वाईट? शिवाय टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च बघतात असं कुठंतरी वाचलं, ते केलं तर निळं-काळं झालं.

---

वाळूजचा_जुना (छत्रपती संभाजीनगर)

लॅक्टोमीटर! ही आयडिया माझ्या डोक्यात आली नव्हती. चालतो की. तो पाण्यापेक्षा जडपणाच मोजतो, 26 म्हणजे 1.026. फक्त त्याची पट्टी चाळीसपाशी संपते, त्याच्या वर गेलं तर काढ्याएवढंच पाणी मिसळून मोजा आणि आकडा दुप्पट धरा. आणि तळाचा गाळ ढवळून मोजू नका, आकडा खोटा चढतो.

किलोला चार लिटर पाणी घेतलं असेल तर सगळा स्टार्च सुटून आकडा साठच्या आसपास जायला पाहिजे. 26 म्हणजे निम्म्याहून कमी. निळा-काळा रंग तेच सांगतोय, स्टार्च शिल्लक आहे. ज्वारीत पुरता जाईल अशी आशा धरू नका, तिच्यात बीटा-अमायलेज (साखर करणारं एक एन्झाइम) मुळातच कमी असतं, पण रंग निळ्याकडून तांबूस-जांभळ्याकडे सरकला पाहिजे. थेंब पांढऱ्या बशीत टाका, तोही गोड काढा गार झाल्यावर. गरम असेल तर रंग उमटत नाही.

माझा संशय दळण्यावर आहे. गिरणीवाल्यानं जाडसरच काढून दिलं असणार. ज्वारीला जाडसर चालत नाही, कारण गाळायचं टरफल नाहीच आहे, मग जाड ठेवून फायदा काय? भाकरीच्या पिठाएवढं बारीक करा. दुसरं, उकळल्यावर पंच्याहत्तरपर्यंत उतरायची वाट पाहिली का, का घाई झाली? तिथं ऐंशीला ओतलं तर बाजूला काढलेलं पण भाजतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, बोटावर विसंबू नका. आणि पुढच्या खेपेला थोडी मालदांडी, थोडी मोती वेगवेगळी करून आकडे इथं टाका. येळवसवाली ताई, तुमच्याकडची पण चालेल.